शरीराची कसरत : 'थोडा' उपयोग की 'थोडाच'?

वाचन : १ तीमथ्य ४:१-१२, १ करिंथ ९:२४-२७, जखऱ्या ८:१-५



आजच्या पाठाचा आरंभ मी माझ्या एका चुकीपासून करणार आहे. सुमारे २५ वर्षांपूर्वीची गोष्ट. ईश्वरविज्ञानाचे शिक्षण पूर्ण करून मी नुकताच आमच्या मंडळीत परतलो होतो आणि तरुणसंघाची जबाबदारी माझ्यावर सोपविण्यात आली होती. दर शनिवारी संध्याकाळी सहा वाजता शास्त्राभ्यास असे. मंदिराच्या अंगणात दोन लोखंडी खांबांना व्हॉलीबॉलचे जाळे बांधलेले असे. मुले पाच वाजल्यापासून खेळत आणि सहाचे साडेसहा होत. एके शनिवारी मी खेळ थांबविला. घामाने निथळणाऱ्या त्या मुलांना मंदिराच्या पायऱ्यांवर बसविले आणि प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील चौथ्या अध्यायाचे आठवे वचन उघडले. "पाहा," मी म्हणालो, "शरीराच्या कसरतीचा उपयोग थोडाच आहे. सुभक्तीचा उपयोग सर्व बाबतींत आहे. आता तुम्हीच ठरवा." मुलांनी वाद घातला नाही. पुढच्या शनिवारी जाळे बांधले गेले नाही.

शास्त्राभ्यास वेळेवर सुरू होऊ लागला, हे खरे. परंतु येणाऱ्या मुलांची संख्या मात्र रोडावत गेली. खांब गंजले, पुढे तेही काढले. आज त्या जागी रविवारी वाहने उभी राहतात.

दोन प्रसंगांनी हा विषय माझ्यासमोर पुन्हा उभा केला. वयाच्या ५१ व्या वर्षी मला मधुमेह असल्याचे निदान झाले. डॉक्टरांनी औषध लिहून दिले आणि विचारले, "व्यायाम काय करता?" मेजावर बसून तीस वर्षे शब्दांशी झुंजणाऱ्या माणसाजवळ ह्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. दुसरा प्रसंग त्यानंतर काही महिन्यांनी घडला. त्या शनिवारी पायऱ्यांवर बसलेल्यांपैकी एक जण आज १४ वर्षांच्या मुलाचा बाप आहे. उपासनेनंतर तो मला म्हणाला, "दादा, हा दिवसभर मोबाईल घेऊन पडलेला असतो. आमच्या वेळी निदान जाळे तरी होते. ह्याला संध्याकाळी मी कोठे पाठवू?" त्याच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता. म्हणूनच तो प्रश्न मला अधिक लागला.

त्या रात्री मी ते वचन मूळ ग्रीक भाषेत पुन्हा वाचले, आणि पूर्वी जे पाहावयास हवे होते ते मला दिसले. मी त्या वचनात एक अक्षर पदरचे घातले होते. ते अक्षर म्हणजे 'च'.

१. वचन खरोखर काय म्हणते?

मराठीत 'थोडा उपयोग' आणि 'थोडाच उपयोग' ह्यांत केवढे अंतर आहे, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. पहिल्या वाक्यात उपयोगाची मर्यादा सांगितली आहे, दुसऱ्यात उपयोग मोडीत काढला आहे. घरी आलेल्या पाहुण्याने "थोडे जेवतो" म्हटले तर आपण ताट वाढतो, आणि "थोडेच जेवतो" म्हटले तर वाढता हात आखडता घेतो. मूळ वचनात ह्या 'च' साठी कोणताही शब्द नाही.

तेथे जे शब्द आहेत ते असे. कसरतीसाठी 'गुम्नासिया' हा शब्द आहे. ग्रीक मल्ल व धावपटू ज्या ठिकाणी सराव करीत त्या व्यायामशाळेचे नाव ह्याच शब्दाच्या कुळातले आहे. उपयोगाची मर्यादा सांगण्यासाठी 'प्रोस ऑलिगॉन' असे दोन शब्द आले आहेत. त्यांचा अर्थ 'थोड्या गोष्टींसाठी' असा होतो, किंवा 'थोड्या काळासाठी' असाही होऊ शकतो. याकोबाच्या पत्रात (४:१४) मनुष्याचे जीवन क्षणभर दिसणाऱ्या वाफेसारखे आहे असे सांगताना हेच दोन शब्द काळाच्या अर्थाने योजिले आहेत. तीमथ्याच्या पत्रात त्यांच्यासमोर 'सर्व गोष्टींसाठी' हे शब्द ठेवलेले असल्यामुळे 'थोड्या बाबतींत' हा अर्थ अधिक जुळतो. तथापि, पुढे लगेच आताच्या व येणाऱ्या जीवनाचा उल्लेख असल्यामुळे काळाचा अर्थही तेथे डोकावतो. कोणताही अर्थ घ्या, पौल कसरतीला निरुपयोगी म्हणत नाही.

आता 'उपयोगी' ह्या शब्दाकडे पाहा. मूळात तो 'ओफेलिमॉस' असा आहे. वचनाच्या पूर्वार्धात कसरतीसाठी आणि उत्तरार्धात सुभक्तीसाठी पौलाने हा एकच शब्द वापरला आहे. संपूर्ण नव्या करारात तो केवळ चार वेळा येतो. दोन वेळा ह्या वचनात, एकदा तीताच्या पत्रात (३:८), आणि एकदा तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (३:१६), जेथे परमेश्वरप्रेरित शास्त्रलेख शिकविण्यास व सुधारण्यास उपयोगी आहे असे सांगितले आहे. शास्त्रलेखाविषयी वापरलेला शब्द प्रेषिताने शरीराच्या कसरतीसाठी वापरण्यास संकोच केला नाही. त्याने दोन उपयोगांची मोजमापे वेगवेगळी सांगितली, परंतु लहान उपयोगाला नाकारले नाही. घरातील पणती सूर्यापुढे लहान आहे, म्हणून ती कोणी विझवीत नाही.

वचनाचा संदर्भही लक्षात घ्यावा. ह्याच अध्यायाच्या आरंभी पौल अशा खोट्या शिक्षकांविरुद्ध बोलतो, जे लग्न करण्यास मना करीत व काही अन्ने वर्ज्य करावयास लावीत. देह व देहाच्या गरजा ह्यांना ते हीन लेखीत होते. त्यांना उत्तर देताना पौल ठामपणे सांगतो की देवाने जे निर्माण केले ते चांगले आहे. काही भाष्यकारांच्या मते आठव्या वचनातील 'कसरत' म्हणजे अशा शिक्षकांनी लादलेले देहदंडन होय. तसे असेल, तर हे वचन खेळणाऱ्या मुलांविरुद्ध वापरणे अधिकच चुकीचे ठरते. शिवाय, पुढच्याच अध्यायात (५:२३) हाच प्रेषित तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्याची व वारंवार होणाऱ्या आजारांची आस्थेने चौकशी करून उपाय सुचवितो. आणि ज्या वचनात तीमथ्याच्या तारुण्याला कोणी तुच्छ मानू नये असे तो सांगतो (४:१२), ते वचन आपल्या वचनापासून केवळ चार वचने दूर आहे. मी मात्र एक वचन हातात घेऊन त्याच तारुण्याला पायऱ्यांवर बसवून ठेवले होते.

२. पौल आणि क्रीडांगण

प्रेषित पौल सुमारे दीड वर्ष करिंथ शहरात राहिला (प्रेषितांची कृत्ये १८:११). त्या शहराजवळ इस्थमिया येथे दर दोन वर्षांनी मोठे क्रीडासामने भरत. इ.स. ५१ च्या सुमारास झालेल्या सामन्यांच्या वेळी तो त्या परिसरात असावा असे अनेक अभ्यासक मानतात. करिंथकरांना लिहिताना तो शर्यत, मुष्टियुद्ध आणि विजेत्याचा कोमेजणारा मुकुट ह्यांची उदाहरणे देतो, ती त्याच्या वाचकांच्या रोजच्या परिचयातली होती. इस्थमियाच्या विजेत्याला पाइनच्या डहाळ्यांचा किंवा सेलरीच्या वाळक्या पानांचा मुकुट मिळत असे.

ह्या उताऱ्यातील सत्ताविसाव्या वचनात पौल आपल्या देहाविषयी एक अतिशय रांगडा शब्द वापरतो. त्याचा मूळ अर्थ 'डोळ्याखाली ठोसा मारणे' असा आहे. तो वाचून कित्येकांना वाटते की पौल देहाचा द्वेष करीत होता. वस्तुतः येथे चित्र आहे ते सराव करणाऱ्या मल्लाचे. मल्ल आपल्या देहाला कष्टवितो, कारण त्याला त्या देहाकडून काम करून घ्यावयाचे असते. ज्याला देहाचा तिटकारा आहे तो आखाड्यात उतरतच नाही.

पौलाचे स्वतःचे पायही दुर्बळ नव्हते. प्रेषितांची कृत्ये २०:१३ मध्ये लूक एक बारीकशी गोष्ट नोंदवितो. त्रोवसाहून अस्साकडे जाताना बाकीचे सोबती तारवातून गेले, परंतु पौलाने स्वेच्छेने पायी जाण्याचे ठरविले. हे अंतर सुमारे ३० किलोमीटर आहे. त्याच्या सुवार्तेच्या फेऱ्यांचा पुष्कळसा भाग अशा पायी प्रवासातच घडला. आत्म्याने पाठविले खरे, परंतु चालले ते पायच.

३. हा देह कोणाचा?

ह्या विषयावर बोलताना आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, ह्या वचनाचा (१ करिंथ ६:१९) आधार नेहमी घेतला जातो. तो घेताना थोडी सावधगिरी हवी. तेथे पौल व्यायामाविषयी बोलत नसून जारकर्मापासून दूर राहण्याविषयी बोलत आहे. परंतु त्याने तेथे जे मूलतत्त्व सांगितले आहे ते व्यापक आहे. आपण स्वतःचे नाही, आपल्याला मोल देऊन विकत घेतले आहे. देह आपल्या मालकीचा नसून आपल्या हाती दिलेली ठेव आहे, तेव्हा त्याची हेळसांड हा केवळ आपला खासगी प्रश्न राहत नाही.

येथे दोन टोके टाळावी. एक टोक उपेक्षेचे, ज्याला मी बळी पडलो. दुसरे टोक देहपूजेचे. आरशासमोर तासन् तास उभे राहणे, दंडाच्या घेरावरून स्वतःची किंमत ठरविणे, झटपट शरीर कमावण्यासाठी काय आहे हे ठाऊक नसलेल्या भुकट्या व इंजेक्शने घेणे, हे सर्व ह्या दुसऱ्या टोकाकडे नेते. अंगबांधणीसाठी घेतलेली स्टेरॉइडे तरुणांच्या हृदयाला व यकृताला इजा करतात आणि वाढत्या वयात हाडांची वाढही वेळेआधी थांबवू शकतात. शरीर ठेव आहे हे ज्याला कळले, तो ते पुरूनही ठेवणार नाही आणि उधळणारही नाही.

४. आपल्या मुलांची आजची स्थिती

आता वचनाकडून वस्तुस्थितीकडे वळू या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी दररोज सरासरी ६० मिनिटे श्वासाची गती वाढविणारी हालचाल करावी. आठवड्यातून किमान ३ दिवस ती जोरकस असावी आणि स्नायू व हाडे बळकट करणारी असावी. ह्याच संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतील सुमारे १६ लाख शाळकरी मुलामुलींच्या माहितीचा अभ्यास करून २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. २०१६ साली ११ ते १७ वयोगटातील ८१ टक्के मुले-मुली ह्या मापाला उतरत नव्हती. मुलांमध्ये हे प्रमाण ७८ टक्के, तर मुलींमध्ये ८५ टक्के होते. आपल्या देशात चारांपैकी जवळजवळ तिघे ह्या मापाला कमी पडत होते.

"आमचा मुलगा तर काटकुळा आहे, त्याला व्यायामाची काय गरज?" असे अनेक आईबाप म्हणतात. त्यांच्यासाठी पुण्यातून पुढे आलेला एक पुरावा सांगतो. पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनमधील डॉ. जॉन युडकिन ह्या दोन वैद्यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, म्हणजे अगदी सारखा होता. परंतु क्ष-किरण तपासणीत शरीरातील चरबी लंडनच्या डॉक्टरांची ९.१ टक्के, तर पुण्याच्या डॉक्टरांची २१.२ टक्के निघाली. ह्यात राहणीचाही भाग असू शकेल असे सांगताना त्यांनी विनोदाने नमूद केले की एक जण मॅरेथॉन धावतो आणि दुसरा रुग्णालयाची लिफ्ट गाठण्यापुरता धावतो. आनुवंशिकतेचा वाटा किती, हा प्रश्न त्यांनी खुला ठेवला. आपल्यासाठी बोध इतकाच की भारतीय देह वरून सडपातळ दिसला तरी आतून चरबी साठविलेला असू शकतो. काट्यावरचे वजन सर्व काही सांगत नाही.

ह्याचे परिणाम पुढे दिसतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीवर आधारलेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०२१ मध्ये देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण होते. त्या कोट्यवधींत मीही एक आहे. व्यायाम येथे कसा उपयोगी पडतो? काम करणारा स्नायू रक्तातील साखर इंधन म्हणून ओढून घेतो, आणि नियमित सरावाने इन्सुलिनला दाद देण्याची त्याची क्षमता वाढते. हाडांचेही तसेच आहे. उड्या मारणे, धावणे ह्यांमुळे हाडांवर भार येतो व ती घट्ट होतात. हाडांची ही पुंजी मुख्यतः विशीच्या आसपासपर्यंत जमा होते, नंतर आपण ती खर्चच करीत राहतो. ह्याखेरीज खेळणाऱ्या मुलाला झोप चांगली लागते आणि मनावरील उदासीचे मळभ कमी होते. पौलाने सांगितलेला 'थोडा उपयोग' एवढा आहे. तो ज्याच्या वाट्याला येत नाही, त्याला तो थोडा वाटत नाही.

५. विस्मरणात गेलेले एक पान

खेळ म्हणजे जगाची गोष्ट आणि मंडळीचा त्याच्याशी संबंध नाही, असे मानणाऱ्यांनी आपलाच इतिहास आठवावा. १८४४ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या तरुण ख्रिस्ती संघाचे, म्हणजे वाय.एम.सी.ए.चे नाव आपल्या परिचयाचे आहे. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील ह्या संघाच्या प्रशिक्षणशाळेत १८९१ च्या हिवाळ्यात ल्यूथर गुलिक ह्यांनी आपल्या एका शिक्षकाला, हिवाळ्यात छताखाली खेळता येईल असा खेळ शोधावयास सांगितले. तो शिक्षक जेम्स नेस्मिथ हा ईश्वरविज्ञान शिकलेला होता. व्यासपीठाऐवजी व्यायामशाळेतून तरुणांची सेवा करता येईल असे त्याला वाटले होते. त्याने पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या, १३ नियम लिहिले, आणि बास्केटबॉल जन्मास आला. चार वर्षांनी, १८९५ मध्ये, जवळच्याच होलिओक गावी ह्याच संघाचे विल्यम मॉर्गन ह्यांनी, ज्यांना बास्केटबॉलची धावपळ झेपत नाही अशा प्रौढांसाठी दुसरा खेळ बेतला. तोच व्हॉलीबॉल. मी आमच्या अंगणातून जे जाळे उतरविले ते मूळचे मंडळीच्या तरुणसेवेतूनच आले होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

आपल्या देशातही हे कार्य झाले. १९२० मध्ये हॅरी क्रो बक ह्यांनी मद्रास येथे वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. शारीरिक शिक्षक घडविणारी ती देशातील आद्य संस्था होय. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारतीय संघाचे व्यवस्थापक हेच बक होते.

६. प्रभूचा दिवस आणि मुलांचा खेळ

त्याच पॅरिस ऑलिंपिकमधील एरिक लिडेल ह्यांची कथा आपण अनेक उपदेशांतून ऐकली आहे. १०० मीटर शर्यतीची प्राथमिक फेरी रविवारी असल्यामुळे त्यांनी त्या शर्यतीत धावण्याचे नाकारले, आणि ४०० मीटरमध्ये ४७.६ सेकंदांचा विक्रम करून सुवर्णपदक मिळविले. आपण कथा बहुधा येथेच थांबवितो. परंतु तिचा उत्तरार्ध आपल्या विषयासाठी अधिक मोलाचा आहे.

१९२५ मध्ये लिडेल मिशनरी म्हणून चीनला गेले. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, जपानी सैन्याने त्यांना वेइशिएन येथील छावणीत स्थानबद्ध केले. तेथे आईबापांपासून ताटातूट झालेली पुष्कळ मुले होती. लिडेल त्यांना शिकवीत व त्यांचे खेळ घेत. मात्र रविवारी खेळ नसे. त्यांच्या चरित्रांत असे नोंदले आहे की एका रविवारी कंटाळलेल्या मुलांनी आपणहून हॉकीचा सामना मांडला, आणि पंच नसल्यामुळे त्याचे पर्यवसान मारामारीत झाले. पुढच्या रविवारी लिडेल स्वतः पंच म्हणून मैदानात उभे राहिले. ज्या मनुष्याने स्वतःच्या पदकासाठी रविवार सोडला नाही, त्याने दुसऱ्यांच्या मुलांसाठी आपला नियम बाजूला ठेवला. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी, छावणीतच, मेंदूतील गाठीमुळे वयाच्या ४३ व्या वर्षी ते प्रभूकडे गेले.

रविवारी सामने भरवावेत असा माझा आग्रह नाही. उपासनेच्या वेळेवर खेळाने अतिक्रमण करू नये, हे मी आजही म्हणेन. परंतु लिडेल ह्यांनी नियमामागील प्रीती ओळखली. शनिवारी संध्याकाळी माझ्याजवळ नियम होता, पंच म्हणून मुलांमध्ये उभे राहण्याची तयारी नव्हती. मी जाळे काढण्याऐवजी शास्त्राभ्यास सात वाजता ठेवू शकलो असतो. पाच वाजता स्वतः चेंडू घेऊन येऊ शकलो असतो. इतके साधे उत्तर मला सुचले नाही.

७. मंडळीने काय करावे?

ज्या नगराला देव पुन्हा वसवील त्याचे चित्र रेखाटताना जखऱ्या संदेष्टा काय पाहतो? हातात काठी घेऊन रस्त्यांवर बसलेले वृद्ध स्त्रीपुरुष, आणि त्याच रस्त्यांत खेळणारी मुले व मुली. आशीर्वादित नगराची ही खूण आहे. संदेष्ट्याने मुलींचा उल्लेख स्वतंत्रपणे केला आहे, हेही पाहा. ह्या चित्राकडे दृष्टी ठेवून पुढील सूचना करतो.

(अ) अंगण उघडा. आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी तासभर मंदिराचे आवार वाहनांविना राहू द्या. व्हॉलीबॉलला जाळे व चेंडू पुरतो. कबड्डी, लंगडी, लगोरी, दोरीवरच्या उड्या ह्यांना तर खर्चही नाही. जेथे मंडळीला आवारच नाही, तेथे जवळच्या शाळेचे मैदान मागावे किंवा तरुणसंघाने मिळून टेकडी चढावी.

(आ) मुलींना त्यांचा वाटा द्या. खो-खो हा आपल्या मातीतला खेळ. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ विजयी झाले. प्रतीक वाईकर व प्रियंका इंगळे हे त्यांचे कर्णधार महाराष्ट्रातलेच. आपल्या मुली मागे राहतात त्या अंगात बळ नाही म्हणून नव्हे. त्यांना वेळ मिळत नाही, पुरेसा उजेड व स्वच्छतागृह नसते, सोबत एखादी वडीलधारी बाई नसते. ही व्यवस्था महिलामंडळ सहज करू शकेल. मात्र एक काळजी घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वर्षांच्या सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. लवकर दम लागणाऱ्या मुलीला आळशी म्हणू नका. आधी तिचे रक्त तपासून घ्या आणि आहाराकडे लक्ष द्या.

(इ) कोणालाही बाकावर बसवून ठेवू नका. स्थूल मुलगा, अपंग मुलगी, चेंडू हातातून सुटणारा लाजाळू पोर, ह्यांच्यासाठीच मंडळीचे अंगण असावे. निवडक अकरा जणांना खेळविण्यासाठी जगात क्लब आहेत. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊन झेपेल तेवढे करावे.

(ई) हळूहळू वाढवा. पहिल्याच दिवशी ६० मिनिटे पूर्ण करण्याचा हट्ट नको. शाळेपर्यंत चालणे, जिने चढणे, घरचे पाणी भरणे ह्या साऱ्यांची बेरीज होते. उन्हाच्या वेळी खेळ टाळावा, पाणी जवळ ठेवावे, चक्कर आली किंवा छातीत दुखू लागले तर तत्काळ थांबावे.

(उ) वडिलांनी मैदानात यावे. मुले आपल्या सांगण्यापेक्षा आपल्या करण्याकडे पाहतात. ज्यांना धावता येत नाही त्यांनी शिटी घेऊन उभे राहावे. जखऱ्याच्या चित्रातील काठी टेकणारे वृद्ध तेथेच, मुलांच्या जवळ बसलेले आहेत.

मी स्वतः आता रोज सकाळी ४० मिनिटे चालतो. साखर बरीच आटोक्यात आली आहे. गेल्या महिन्यात मी वडीलवर्गापुढे अंगणाचा विषय मांडला आणि त्या शनिवारची हकिगतही सांगितली. वाहने कोठे ठेवावयाची ह्यावर बराच वेळ चर्चा झाली. शेवटी मंगळवार व शनिवार ह्या दोन संध्याकाळी जागा मोकळी ठेवण्याचे ठरले. खांब पुन्हा रोवले आहेत. त्या १४ वर्षांच्या मुलाने पहिल्या दिवशी तीनदा चेंडू कुंपणाबाहेर घालविला, आणि तीनदा तो स्वतःच धावत जाऊन घेऊन आला. शास्त्राभ्यास आता शनिवारी साडेसहाला असतो. मुले घामाने भिजलेलीच येतात. मी त्यांना ते आठवे वचन पुन्हा वाचून दाखविले. ह्या वेळी 'च' न घालता.

चर्चेसाठी प्रश्न

१. पवित्र शास्त्रातील एखाद्या वचनात आपण नकळत आपला शब्द घालून तरुणांना अडविले आहे काय?

२. १ करिंथ ९:२४-२७ मध्ये मल्लाच्या शिस्तीचे कोणते गुण सुभक्तीच्या सरावालाही लागू पडतात?

३. आपल्या मंडळीच्या आवाराचा आठवडाभर कसा उपयोग होतो? मुलींना तेथे निर्धास्तपणे खेळता येईल काय?

४. तुमच्या मंडळीतील कोणते मूल खेळापासून दूर राहते, आणि का?

प्रार्थना : हे प्रभू, तू देह धारण करून आमच्या रस्त्यांवरून चाललास, थकलास आणि विहिरीपाशी बसलास. आमच्या मुलामुलींचे देह तुझीच ठेव आहेत. त्यांची हेळसांड केल्याबद्दल आम्हांला क्षमा कर, आणि आमची अंगणे त्यांच्यासाठी उघडण्याची बुद्धी दे. आमेन.